धबधबा लहान, फिल्टर मोठा

बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत छोटे तळे खणायचे आणि कडेला दगड रचून त्यावरून पाणी सोडायचे, ही हौस आता फार्महाऊसवाल्यांपुरती राहिलेली नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या उपनगरांत दोन-अडीच गुंठ्यांच्या घरांमागेही अशी तळी दिसतात. अस्तराला शेततळ्याचा जाड प्लास्टिक कागद मिळतो आणि काळ्या दगडाला तर महाराष्ट्रात तोटाच नाही. माणसे दगडांची रचना ठरवण्यात आठ-आठ दिवस घालवतात, घरातला प्रत्येक जण आपले मत देतो, आणि पंप मात्र शेवटच्या दिवशी घाईघाईने येतो. दुकानात वाक्य ठरलेले असते: ‘‘धबधब्यासाठी पंप द्या, अर्ध्या एचपीचा.’’ फिल्टरचे नाव निघते ते पाणी हिरवे झाल्यावर.

पुढची गोष्ट बहुतेक घरांत सारखीच घडते. पहिला आठवडा पाणी नितळ असते. तिसऱ्या आठवड्यात ते मटारच्या सुपासारखे होते. महिन्याने विजेचे बिल येते आणि पंप फक्त संध्याकाळी लावायचा असा ठराव होतो. मग फक्त रविवारी, मग फक्त पाहुणे आले की. एका सकाळी दोन मासे उलटे तरंगताना दिसतात. पावसाळ्यात डासांची तक्रार शेजारून येते. वर्षभरात त्या खड्ड्यात माती भरून कर्दळ लावलेली असते.

तळ्यात मुळी अर्थच नाही, असा निष्कर्ष यातून अनेक जण काढतात. तो चुकीचा आहे. दोष तळ्याचा नसतो, क्रम उलटा झालेला असतो. बंद ठेवावा लागेल असा पंप ज्या तळ्याला बसवला, ते तळे पहिल्या दिवशीच बिघडलेले असते, कारण त्यातले पाणी चोवीस तास फिरत राहणे ही त्याच्या जिवंत राहण्याची अट आहे. ती अट परवडेल असा पंप आणि ती अट सार्थकी लागेल असा फिल्टर, या दोन गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत. धबधबा किती रुंद आणि किती उंच, हा प्रश्न त्यानंतरचा.

पंप हे यंत्र महाराष्ट्राला नवे नाही. सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी १९१०मध्ये वसली आणि तिथल्या पंपांनी कित्येक पिढ्यांची शेते भिजवली. विहिरीवर मोटर बसवणारा शेतकरी ‘हेड किती’ हे आधी विचारतो, म्हणजे पाणी किती उंच चढवायचे. पाणी कुठून कुठे न्यायचे आहे हे न सांगता नुसते ‘अर्ध्या एचपीची मोटर द्या’ असे तो कधी म्हणणार नाही. हेच शहाणपण शहरातल्या बागेत शिरताना हरवते.

एक साधे तळे घेऊ. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, अडीच फूट खोल. गुणाकार दीडशे घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, म्हणजे सव्वाचार हजार लिटर. कोपरे गोल असतात, कडा उतरत्या असतात, म्हणून हिशेबाला चार हजार धरावेत. धबधब्याचा दगड एक फूट रुंद आहे, त्यावरून पाण्याची सलग चादर पडावी अशी इच्छा आहे. बागतळी करणाऱ्यांचा जुना आडाखा असा, की दगडाच्या धारेच्या प्रत्येक सेंटिमीटर रुंदीला ताशी दीडशे लिटर पाणी लागते. एका फुटाला ताशी साडेचार हजार लिटर झाले. त्याहून कमी सोडले तर चादर तुटून दगडावरून ओघळ येतात. तीन फूट रुंद धबधबा हवा असेल तर साडेतेरा हजार. इथेच पहिला निर्णय होतो, आणि तो डोळ्यांनी न करता कागदावर करायला हवा.

आता उंची. धबधब्याचे तोंड पाण्याच्या पातळीपासून चार फुटांवर आहे, म्हणजे १.२ मीटर. पंप तळ्यात किती खोल बुडालेला आहे याचा या उंचीशी संबंध नसतो, मोजायचे ते पाण्याच्या पृष्ठभागापासून वर. पण एवढ्याने भागत नाही. नळीतून जाताना पाणी घासते आणि ते घर्षणही पंपालाच सोसावे लागते. वीस फूट नळी आहे असे धरू. ती एक इंची असेल तर ताशी साडेचार हजार लिटर पाणी तिच्यातून सेकंदाला अडीच मीटरच्या वेगाने धावते आणि घर्षणात दीड मीटरच्या आसपास हेड खर्च होते. म्हणजे प्रत्यक्ष चढाईपेक्षा नळीतला तोटाच जास्त! तीच नळी दीड इंची घेतली तर वेग मीटरभरावर येतो आणि तोटा पंधरा-वीस सेंटिमीटरवर. घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलते, त्यामुळे नळी अर्ध्या इंचाने जाड केली की पंपावरचा भार जवळजवळ निम्मा होतो. नळी एकदाच विकत घ्यायची असते, वीज दर महिन्याला. तरीही प्लंबर एक इंची नळी टाकून मोकळा होतो, कारण पंपाचे तोंडच एक इंची असते. तोंडाशी एक जोड लावून लगेच जाड नळी घेता येते, हे त्याला कुणीतरी सांगावे लागते.

म्हणजे या तळ्याला ताशी साडेचार हजार लिटर, दीड मीटर हेडवर, असा पंप हवा. हे वाक्य ज्याने दुकानात उच्चारले त्याची निम्मी लढाई जिंकलेली असते. उरलेली निम्मी खोक्यावरच्या आकड्यांशी आहे. खोक्यावर ठळक छापलेले असते ‘५००० एलपीएच’, म्हणजे ताशी लिटर, आणि बाजूला ‘एच मॅक्स ३ मीटर’. पहिला आकडा शून्य उंचीचा, म्हणजे पंप बादलीत ठेवून बादलीतच पाणी सोडले तर. दुसरा आकडा अशा उंचीचा, जिथे पाणी पोचते पण बाहेर थेंबही पडत नाही. या दोन आकड्यांच्या मधे काय होते ते सांगणारी रेषा म्हणजे पंपाचा आलेख. चांगले उत्पादक तो खोक्याच्या पाठीवर किंवा माहितीपत्रकात देतात. तो नसेल तर ढोबळमानाने, ‘एच मॅक्स’च्या निम्म्या उंचीवर छापील प्रवाहाच्या निम्म्याच्या आसपास पाणी मिळेल असे धरावे. पाच हजारांचा पंप घेऊन दीड मीटरवर अडीच हजार लिटर मिळाले की माणूस म्हणतो, पंप कमजोर निघाला. पंप कमजोर नव्हता, वाचायचे राहून गेले.

मग अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक का नको? तो तर घरोघरी गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवतो. नेमके म्हणूनच नको. तो पंधरा-वीस मीटर उंच पाणी ढकलायला, आणि तेही दिवसातून अर्धा-पाऊण तास चालायला, बनवलेला असतो. त्याला चार फुटांचे काम देणे म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणे. असा पंप पाचशे वॅटच्या आसपास वीज घेतो असे धरले, तर चोवीस तासांना बारा युनिट आणि महिन्याला ३६० युनिट होतात. आपल्या तळ्यातले पाणी दीड मीटर चढवायला निसर्गनियमाने लागणारी शक्ती फक्त अठरा-वीस वॅट आहे. छोट्या पंपांची कार्यक्षमता बेताची असते हे धरूनही, कमी हेडसाठी बनवलेला चांगला तळ्याचा पंप हे काम सत्तर-ऐंशी वॅटमध्ये करतो. महिन्याला पंचावन्न युनिटच्या आसपास. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, तेव्हा ३६० युनिटचा बोजा नुसता स्वतःचे पैसे वाढवत नाही, तो घरातल्या पंखे-फ्रिजच्या युनिटांनाही वरच्या टप्प्यात ढकलतो. तळी बंद पडतात ती या बिलामुळे. म्हणून खोक्यावर सर्वांत आधी पाहायचा आकडा वॅटचा आहे. एचपीचा नाही, लिटरचाही नाही.

इथवर यंत्राचे झाले. खरा जीव मात्र फिल्टरमध्ये असतो, आणि त्याच्याबद्दलचे गैरसमज पंपापेक्षाही मोठे आहेत. फिल्टर म्हणजे गाळणी, एवढीच बहुतेकांची कल्पना. गाळणे हे त्याचे पहिले आणि सोपे काम. माशांची विष्ठा, कुजलेली पाने, उरलेले खाद्य स्पंजात किंवा ब्रशमध्ये अडते, ते वरचेवर काढून टाकायचे. दुसरे काम डोळ्यांना दिसत नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात आणि तो त्यांनाच विषारी असतो. फिल्टरमधल्या खडबडीत पृष्ठभागांवर वसलेले जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक आहे, ते माशांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेते. नायट्रेट तुलनेने निरुपद्रवी, ते झाडे शोषून घेतात. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तळे भरल्याच्या दुसऱ्या दिवशी वीस मासे आणून सोडणाऱ्यांचे मासे मरतात ते यामुळे.

या जिवाणूंना प्राणवायू लागतो आणि तो वाहत्या पाण्यातूनच मिळतो. पंप काही तास बंद राहिला की बंद डब्यातल्या फिल्टरमधले जिवाणू गुदमरू लागतात. दुसऱ्या दिवशी पंप चालू केला की त्यातला सडलेला गाळ तळ्यात येतो. टायमर लावून वीज वाचवणारा माणूस नकळत हेच करत असतो. आणखी एक घात नळाखाली होतो. फिल्टरचे स्पंज नगरपालिकेच्या पाण्याखाली खळखळून धुतले की त्यातल्या क्लोरीनने वसाहत मरते. स्पंज तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत हलके पिळावेत, आणि सगळे एकाच दिवशी धुऊ नयेत.

आता आपल्या हवेचा प्रश्न. फिल्टरच्या डब्यांवर ‘अमुक लिटरच्या तळ्यासाठी’ असे लिहिलेले असते. त्यामागचे आडाखे बव्हंशी थंड देशांतले आहेत, जिथे तळ्यावर हिवाळ्यात बर्फ धरते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उथळ तळ्याचे पाणी सहज तीस अंशांवर जाते. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला साडेसातच. उलट अमोनियाचा विषारी भाग वाढतो: पाण्याचा सामू (पीएच) ८ असेल तर वीस अंशाला तो एकूण अमोनियाच्या चार टक्क्यांच्या आत असतो, तीस अंशाला साडेसात टक्क्यांच्या जवळ. दख्खनच्या काळ्या दगडातल्या बोअरचे पाणी बरेचदा जड आणि अल्कधर्मी असते, म्हणजे सामूही आपल्या बाजूचा नाही. त्यामुळे तयार फिल्टर घ्यायचा तर तळ्याच्या आकारमानाच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्यावा, आणि कोई मासे पाळायचे असतील तर त्याहून मोठा.

कोईबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण धबधब्याच्या चित्रात सगळ्यांना तेच हवे असतात. जपानच्या निईगाता भागातल्या डोंगरी खेड्यांत भातशेतीच्या तळ्यांतल्या साध्या कार्प माशापासून एकोणिसाव्या शतकात हे रंग जोपासले गेले. दुकानातून बोटभर आणलेला कोई दोन फुटांचा होऊ शकतो. त्याला माणशी, म्हणजे माशी, हजारभर लिटर पाणी द्यावे असे जाणकार मानतात. आपल्या चार हजार लिटरच्या तळ्यात चार कोई झाले की जागा संपली. अडीच फूट खोलीही त्यांना अपुरीच. अशा तळ्याला आठ-दहा गोल्डफिश आणि गप्पी शोभतात, आणि तसे केले तर पंप-फिल्टरचा सगळा हिशेब हलका होतो. माशांना खाद्य जितके, तितका अमोनिया. किलोभर खाद्यामागे तीस-चाळीस ग्रॅम. दिवसातून पाच वेळा खाद्य टाकणाऱ्या प्रेमळ आजोबांपुढे कोणताही फिल्टर हरतो.

आता सर्वांत उपयोगी गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही. धबधबा डोळ्यांसाठी असतो, फिल्टर माशांसाठी. एकाच पंपावर दोन्ही टांगले की धबधब्याच्या हौसेपायी फिल्टरही बंद पडतो. म्हणून पंप दोन घ्यावेत. फिल्टरसाठी वीस-तीस वॅटचा छोटा, जो ताशी दोनेक हजार लिटर पाणी कमी उंचीवर फिरवत राहील. गोल्डफिशच्या तळ्याला दोन तासांत एक फेरी पुरते. तो रात्रंदिवस चालेल, महिन्याला पंधरा-वीस युनिट घेईल, आणि भारनियमन असलेल्या गावांत साध्या इन्व्हर्टरवरही तग धरेल. धबधब्याचा पंप वेगळा, घरी माणसे असतील तेव्हा लावायचा. एक सावधगिरी मात्र हवी. पाणवनस्पती रात्री प्राणवायू सोडत नाहीत, वापरतात, त्यामुळे पहाटे तळ्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. उन्हाळ्याच्या रात्री मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर त्या दिवसांत धबधबाही रात्रभर चालू ठेवावा. पडणारे पाणी हवा घेऊन जाते.

आणि फिल्टर विकतच घ्यायला हवा असे कुठे आहे? तळ्याच्या वरच्या अंगाला, धबधब्याच्या डोक्यावर, दहा-बारा चौरस फुटांचा दीड फूट खोल हौद करावा. तळाशी भोके पाडलेली पीव्हीसी नळी, तिच्यावर धुतलेली काळी खडी, आणि खडीत कर्दळ, वाळा, वेखंड लावावे. पंपाचे पाणी खालून येते, खडीतून हळूहळू वर चढते आणि काठावरून धबधबा होऊन उतरते. खडीच्या दाण्यादाण्यावर जिवाणू बसतात, नायट्रेट कर्दळीच्या मुळांना जाते. हा हौद घातला तर त्याला छोट्या पंपाचे अखंड पाणी द्यावे आणि मोठा पंप त्याच काठावर जादा पाणी ओतेल असे पाहावे. मग धबधबा पूर्ण कधीच थांबत नाही, पातळ होतो इतकेच. गाळ काढायला नळीचे एक टोक उभे वर आणून ठेवावे. संगमरवराची पांढरी चीप मात्र टाळावी, तिने पाणी आणखी जड होते. आणि ‘नायट्रेट खाते’ म्हणून कुणी जलपर्णी सुचवली तर हात जोडावेत. पंचगंगा आणि इंद्रायणीवर तिने काय केले ते सगळ्यांनी पाहिले आहे.

पोहण्याच्या तलावाचा वाळूचा फिल्टर काही ठेकेदार गळ्यात मारतात. त्याला दाबाने पाणी ढकलणारा मोठा पंप लागतो आणि माशांच्या घाणीने वाळूचे गोळे होतात. बागतळ्यात त्याला जागा नाही. अतिनील दिव्याचा डबा वेगळी चीज आहे: तो पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला, म्हणजे हिरव्या पाण्याला, खरोखर गुण देतो. दगडांना चिकटलेल्या लांब केसांसारख्या शेवाळावर त्याचा काही परिणाम होत नाही, आणि त्याची नळी वर्षाने बदलावी लागते, जरी ती निळी दिसत राहिली तरी. आधी सावली आणि झाडे करून पाहावीत. तळ्याचा निम्मा पृष्ठभाग कमळाच्या पानांनी झाकला तरी शेवाळ बरेच आवरते, शिवाय मे महिन्यात रोज सेंटिमीटरभर आटणारे पाणीही थोडे वाचते. आपल्या तळ्यात तो सेंटिमीटर म्हणजे पंचावन्न लिटर, दोन-तीन हंडे. टँकरवर जगणाऱ्या वस्तीत तळे करण्याआधी याचा विचार व्हावा.

डासांचे भय खरे आहे. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पिढी तयार होते. हलत्या पाण्यात, गप्पी असलेल्या तळ्यात त्याला वाव मिळत नाही. बंद पंपाच्या, मासे मेलेल्या तळ्यात तो हमखास होतो. पावसाळ्यात पालिकेची माणसे नोटीस देतात ती अशा तळ्यांना, आणि ती योग्यच आहे. ज्यांना मासे नकोत किंवा घरात रांगते मूल आहे, त्यांनी उघडे तळे न करता खडीखाली झाकलेली टाकी करावी. पाणी दगडांवरून येऊन खडीत नाहीसे होते, आतल्या पंपाने पुन्हा वर जाते. नाद तोच मिळतो.

विजेबाबत मात्र तडजोड नको. पाण्यातला पंप, ओला हात आणि उघड्यावरची एक्स्टेन्शन वायर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की जीव जातो. तीस मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच त्या लाइनवर असलाच पाहिजे, अर्थिंग खरे हवे, आणि तळ्यात हात घालण्याआधी प्लग काढलेला हवा. बारा किंवा चोवीस व्होल्टचे पंप मिळतात, छोट्या फिल्टरला ते उत्तम. तेल भरलेला पंप माशांच्या तळ्यात सोडू नये, सील गेले की तेल पाण्यात उतरते. पंप अगदी तळाशीही ठेवू नये. वरची नळी कुठे निसटली तर तो सगळे तळे अंगणात ओतून टाकतो. फूटभर पाणी शिल्लक राहील एवढ्या उंचीवर त्याला विटांवर बसवावे.

मोजून पाणी खेळवणे आपल्याकडे जुनेच आहे. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या पाणचक्कीत टेकड्यांमधून खापरी नळांनी आणलेले पाणी भिंतीवरून हौदात पडते. तिथे विजेचा पंप नव्हता, म्हणून बांधणाऱ्यांना उंचीचा आणि नळाचा प्रत्येक इंच मोजावा लागला. आज वीज आहे म्हणून मोजणे सुटले. बागा आखून देणारे व्यावसायिक दगडांचे त्रिमिती चित्र ग्राहकाला देतात, पण लिटर, हेड आणि वॅट लिहिलेला एक कागद क्वचितच देतात. तो कागद मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि तो मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.

या दिवाळीत कुणी तळे करायचे ठरवत असेल, तर दगडांच्या ट्रकआधी टेप घेऊन मागच्या अंगणात जावे. तळ्याचे लिटर, धबधब्याची रुंदी, पाण्यापासूनची उंची, नळीची लांबी आणि माशांची संख्या एका चिठ्ठीवर लिहून दुकानात न्यावी. दुकानदार पंपाचा आलेख दाखवू शकला नाही, तर दुसरे दुकान गाठावे.